काउन्सेलिंगमध्ये एम.ए. करायचंय? नाशिकच्या मुलामुलींसाठी जरा सविस्तर

निकाल लागले की मला मेसेज सुरू होतात, ताई मला काउन्सेलर व्हायचंय, कुठला कोर्स करू, आणि बहुतेकांना उत्तरात एका कॉलेजचं नाव हवं असतं. मी नाव देत नाही, एक प्रश्न देते आणि तो घेऊन चार ठिकाणी जाऊन या म्हणते. प्रश्न असा, की दोन वर्षांत तुमचा विद्यार्थी खऱ्या माणसांसमोर किती तास बसतो, आणि बसून आल्यावर त्याचं ऐकून घेऊन चुका दाखवायला कोण असतं? बस्स. इमारत, सेमिनारला कोण पाहुणे आले, हे सगळं नंतर. मी नाशिकचीच, सिडकोत वाढले, मानसशास्त्रात एम.ए. केलं, आता आठवड्याचे चार दिवस एका शाळेत असते आणि संध्याकाळी गंगापूर रोडला एका छोट्या खोलीत लोकांना भेटते. हे लिहायला बसले कारण या कामात अर्धवट शिकून बसलेल्या माणसामुळे समोरच्याचं खरंच नुकसान होतं, आणि ते मी जवळून बघितलंय.

आधी नावांचा घोळ मिटवू

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर, औषधं तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं असेल तर आर.सी.आय. म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला कोर्स करून तिथे नोंदणी लागते, नंबर मिळतो. वर्षानुवर्षं हा कोर्स म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. असायचा, पण नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं आणि क्लिनिकलला यू.जी.सी.ने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतच मुभा दिली होती, त्यामुळे त्या वाटेने जायचं असेल तर सीनियरने काय केलं ते विचारू नका, आर.सी.आय.च्या साइटवर आत्ता कुठले कोर्स आणि कुठल्या संस्था मान्य आहेत ती यादी स्वतः बघा. आणि काउन्सेलिंग सायकॉलॉजी म्हणजे एम.ए. किंवा एम.एस्सी. करून समुपदेशन. यात आजवर आर.सी.आय.सारखी एकच एक नोंदणी नव्हती, म्हणूनच कोणीही उठून पाटी लावत होतं. २०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर हे वर्तन-आरोग्याच्या गटात घेतलेत. म्हणजे हे क्षेत्र आता नियमात येतंय, आज प्रवेश घेणाऱ्याने हे डोक्यात ठेवूनच कोर्स निवडायचा.

एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते, एम.ए. काउन्सेलिंग झाल्यावर पाटीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहायचं नाही. लोकांना फरक कळत नाही म्हणून तर अजिबातच लिहायचं नाही.

अजून एक, करिअर गायडन्सला कमी लेखू नका. काउन्सेलिंग सायकॉलॉजी ही शाखा मुळात तिथूनच आलीये, फ्रँक पार्सन्सने १९०८ मध्ये बॉस्टनला तरुणांना काम निवडायला मदत करणारी संस्था काढली, पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षण-नोकरी-संसार पुन्हा बसवायला मदत लागली तेव्हा हे काम प्रचंड वाढलं, आणि १९५१ मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात परिषद भरली त्यात काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट हे नाव आणि त्याचं शिक्षण कसं असावं ते ठरलं. माझ्याकडेही दहावीचा मुलगा अभिक्षमता चाचणीसाठी, म्हणजे अ‍ॅप्टिट्यूड टेस्टसाठी येतो, वडील बाहेर बसलेले, आणि चाचणी संपता संपता तो हळूच म्हणतो मॅडम मला रात्री झोपच लागत नाही. पहिल्यांदाच काउन्सेलरकडे जाताना चाचणीचं निमित्त सोपं पडतं, घरच्यांनाही सांगता येतं.

कुठे शिकायचं

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतो, त्यामुळे इथल्या कॉलेजांतलं एम.ए. त्या अभ्यासक्रमाचं. काही कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला क्लिनिकल, काउन्सेलिंग, इंडस्ट्रियल असे गट असतात पण गट कागदावर असतो आणि पोरं कमी म्हणून प्रत्यक्षात एकच गट चालवतात, हे प्रवेशाआधी विचारा, तोंडी नको, मागच्या दोन वर्षांत कुठला गट चालला ते मुलांनाच विचारा. मुंबईला कलिन्याला विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे ज्याच्या नावातच काउन्सेलिंग सेंटर आहे. टिस म्हणजे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अप्लाइड सायकॉलॉजीत काउन्सेलिंगचं एम.ए. आहे, त्यासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फॉर्म लवकर निघतात आणि आपली पोरं तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर जागी होतात तोवर तारीख गेलेली असते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचं मानसशास्त्राचं काम जुनं आहे, मराठी मुलांच्या चाचण्या म्हटलं की ते नाव येतंच, आणि शाळेत काम करायची इच्छा असेल तर तिकडची वाट जरूर बघा.

मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, त्यामुळे हमखास विचारतात, ताई नोकरी करता करता घरी बसून एम.ए. सायकॉलॉजी होईल का. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यू.जी.सी.ने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली, त्याच २०२१ च्या कायद्याचा हा परिणाम. म्हणजे देशात कुठल्याही विद्यापीठाकडून नवीन प्रवेश त्या मार्गाने नाही. कोणी एजंट म्हणाला आमच्याकडे चालतं, तर फोन ठेवून द्या. ज्यांनी आधीच प्रवेश घेतलाय त्यांचं वेगळं, त्यांनी आपल्या विद्यापीठाचं पत्र जपून ठेवावं.

नोकरी सोडता येत नाही त्यांचं दुःख मला कळतं हो, सातपूरला पहिली पाळी करून संध्याकाळी शिकायची तयारी असलेली मुलगी माझ्या ओळखीत आहे. पण हे काम माणसासमोर बसूनच शिकता येतं, त्यामुळे एखादं वर्ष उशीर झाला तरी चालेल, रेग्युलर करा असंच मी सांगते.

आणि शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल. बी.ए. झाल्यावर मीही एक केला होता, नाव घेत नाही, पैसे आईने भिशीतून दिले होते. दोन दिवस स्लाइड दाखवल्या, शेवटी सर्टिफिकेट वाटलं त्यावर सर्टिफाइड काउन्सेलर छापलेलं, आणि आमच्यातल्या एकीने पुढच्याच महिन्यात बोर्ड लावला. तिच्याकडे गेलेल्या एका बाईला नवरा मारत होता आणि हिने तिला नवऱ्याशी प्रेमाने बोलून बघा असं तीन वेळा सांगितलं. छोटे कोर्स वाईट नसतात, पण ते एम.ए. नंतर, एखादं तंत्र शिकायला. सुरुवात त्याने करू नका.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षात काउन्सेलिंग फारसं नसतंच, याची तयारी ठेवा. माणूस कसं समजून घेतो, विचार करतो त्याच्या थिअऱ्या, व्यक्तिमत्त्व, संशोधन पद्धती, स्टॅट्स आणि प्रॅक्टिकलचं जर्नल. स्टॅट्सची भीती बाळगू नका, जेएएसपी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर टी-टेस्ट आणि कोरिलेशन स्वतः दहा वेळा करा म्हणजे बसतं. चाचण्यांच्या प्रॅक्टिकलमध्ये मात्र एक वाईट सवय लागते, पोरं एकमेकांवरच चाचणी करतात आणि जर्नल पूर्ण करायला आकडे थोडे इकडेतिकडे करतात. असं केलंत तर पुढे खऱ्या मुलाचा बुद्ध्यंक काढताना हात थरथरायला हवा तेवढा थरथरत नाही, आणि एका आकड्यावर त्या मुलाची शाळा बदलते हे लक्षात राहत नाही.

नव्या रचनेत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमला ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग चार क्रेडिटचं असतं, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट तीस तासांचा धरतात म्हणजे साधारण १२० तास. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेत काउन्सेलिंगच्या मास्टर्सला मान्यता देणारी सीएसीआरईपी नावाची संस्था आहे, तिच्या नियमाने विद्यार्थ्याला १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते, त्यातले किमान २८० तास थेट क्लायंटसोबत आणि दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे जाणत्या माणसाने आपलं काम ऐकून चुका दाखवणं. आपल्याकडचे १२० तास आणि त्यातही फाइल लावण्यात गेलेले दिवस धरले तर किती उरतात तुम्हीच बघा. उरलेले तास कॉलेज देणार नाही, ते तुम्हाला स्वतः जमवायचेत, आणि पुढचं सगळं त्यासाठीच लिहितेय.

तिघांचा गट आणि मराठी

वर्गातल्या अजून दोन जणांना पकडा, दर आठवड्याला एक वार ठरवा. एक काउन्सेलर, एक क्लायंट, एक नुसता बघणारा. वीस मिनिटं बोला, मग बघणाऱ्याने सांगायचं, मग जागा बदला. क्लायंट झालेल्याने नाटकातलं दुःख आणायचं नाही, स्वतःचं एखादं छोटं खरं आणायचं, भावाशी झालेलं भांडण, होस्टेलची रूममेट, एवढंच, कारण खोट्या दुःखाला प्रतिसाद द्यायची सवय लागली की खरं आल्यावर कळत नाही. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यातली दहा मिनिटं शब्द न शब्द कागदावर उतरवा, आम्ही त्याला व्हर्बाटिम म्हणतो. दहा मिनिटं उतरवायला तास-दीड तास जातो, कंटाळा येतो, पण मला या एका गोष्टीने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या लेक्चरने नाही. उतरवून झालं की आपल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हा प्रश्न होता, हा सल्ला होता, की समोरच्याचं म्हणणं समजून परत त्याच्यापुढे ठेवलं होतं. माझ्या पहिल्या व्हर्बाटिममध्ये दहा मिनिटांत सात सल्ले होते. सातही चांगले होते, पण तिने त्यातला एकही मागितला नव्हता.

आणि हे सगळं मराठीत करा. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, शिकवणारे अर्धं इंग्रजी बोलतात, आणि मग समोर निफाडच्या काकू बसल्या की आपल्या तोंडून येतं, मला असं ऐकू येतंय की तुम्हाला दुःख वाटतंय. असं कोण बोलतं हो? आपल्याकडे माणूस म्हणतो, ते फार लागलं तुमच्या मनाला. किंवा, म्हणजे इतके दिवस आतल्या आत कुढत होतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ मध्ये समजून घेणं, विनाअट स्वीकारणं आणि खरेपणा या गोष्टी उपचाराला लागतातच असं मांडलं, ते पाठ करून पेपरात मार्क मिळतात, पण समोरच्याला आपण समजून घेतलंय हे त्याच्याच शब्दांत पोचवता आलं नाही तर पाठ केलेलं त्याच्या काही कामाचं नाही.

मी एक वही केली होती, डाव्या पानावर इंग्रजी शब्द आणि उजव्या पानावर त्याला आपली माणसं काय काय म्हणतात. अँग्झायटी या एका शब्दासमोर माझं पूर्ण पान भरलं. धसका, धास्ती, हुरहूर, घालमेल, पोटात गोळा येणं, जीव घाबराघुबरा होणं, छातीत धडधड, आणि हल्ली सगळ्यांवर पांघरूण घालायला टेन्शन. आणि हे सगळे एक नाहीत ना. धसका मागे घडून गेलेल्या गोष्टीने घेतलेला असतो, धास्ती पुढे येणाऱ्या गोष्टीची असते. बाई म्हणाली मी तेव्हापासून धसकाच घेतलाय, तर तेव्हा म्हणजे केव्हा हा पुढचा प्रश्न तिने स्वतःच हातात दिलाय. तसंच खंत वेगळी, रुखरुख वेगळी, घुसमट वेगळी आणि धुसफूस वेगळी. कोणी टेन्शन आलंय म्हणाला की मी विचारते, टेन्शन म्हणजे नक्की काय होतं हो तुम्हाला, आणि मग खरा शब्द येतो.

हाक काय मारायची यावरही तिघांत बसून बोला. मोठ्या बाईला आपण सहज मावशी म्हणतो, त्यात माया आहे, पण मावशी म्हटलं की ती तुमची मावशी होते, तुमचं लग्न ठरलं का विचारते आणि स्वतःचं सांगायचं राहून जातं. मी पहिल्याच भेटीत विचारते, तुम्हाला काय म्हणू, आणि नंतर अहो-जाहोच ठेवते. मुलांशी अरे-तुरे चालतं, पण कॉलेजच्या पोराला एकदम तू म्हटलं की त्याला शाळेतल्या बाई आठवतात.

प्लेसमेंट कशी मिळवायची

प्लेसमेंट म्हणजे इथे नोकरी नाही, शिकत असताना एखाद्या संस्थेत सरावासाठी काम करणं. नाशिकमध्ये जागा आहेत, विचारायला जावं लागतं. शाळांपासून सुरुवात करा, सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवणं संलग्नतेच्या नियमातच आहे, तिथे समुपदेशक असेल तर तिच्या हाताखाली काम मागा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रात समुपदेशक असतात, किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकांची तरतूद १९८४ च्या कायद्यातच आहे, तिथे विद्यार्थ्याला बसू देतीलच असं नाही पण विभागप्रमुखांच्या पत्राने निदान काम कसं चालतं ते बघता येतं. व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धाश्रम, मुलींची वसतिगृहं, अंबड-सातपूरच्या कंपन्यांचे एचआर, सगळीकडे माणसं आहेत.

जाताना कॉलेजचं पत्र, एका पानाचा अर्ज आणि मी काय करणार नाही याची यादी, हो, काय करणार नाही, ती न्या. मी निदान करणार नाही, औषधांबद्दल बोलणार नाही, सुपरव्हायझरला न विचारता एकटी केस घेणार नाही. माझ्या अनुभवात दार उघडलं ते या यादीने. संस्थांना विद्यार्थ्यांचा राग नसतो, त्यांना भीती असते की हा काहीतरी बोलून जाईल आणि निस्तरायचं आम्हाला.

माझ्या प्लेसमेंटमधली एक गोष्ट सांगते, तपशील बदललेत. दिंडोरीकडच्या साधारण पंचावन्नच्या बाई, डोकं दुखतं म्हणून तीन डॉक्टर झाले, रिपोर्ट सगळे चांगले, म्हणून आमच्याकडे पाठवल्या. अर्धा तास बोलल्या, त्यात चार-पाच वेळा म्हणाल्या, करमत नाही. मी नोंदीत लिहिलं लो मूड. संध्याकाळी सुपरव्हायझर मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी म्हटलं करमत नाही म्हणाल्या. मग तेच लिही, आणि मला सांग, कोणाशिवाय करमत नाही? मला उत्तर माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. आपल्या भाषेत करमत नाही म्हटलं की बहुतेक वेळा त्यात काहीतरी गेलेलं, सुटलेलं असतं, लो मूड लिहिलं की ते सगळं पुसलं जातं. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, कशाशिवाय करमत नाही तुम्हाला. त्या बराच वेळ पदराच्या काठाची घडी घालत राहिल्या, मग म्हणाल्या, लेकाने बाग तोडली. द्राक्षाची बाग, बावीस वर्षं रोज पहाटे त्या तिथे जायच्या, कर्ज झालं म्हणून लेकाने काढून टाकली, त्याचं चुकलं नाही असंही त्याच म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा रडल्या. डोकेदुखीबद्दल त्या दिवशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मी तेव्हापासून नोंदीत पहिली ओळ समोरच्याच्या शब्दांत लिहिते, जशीच्या तशी, आणि आपले पारिभाषिक शब्द खाली.

जीवावरचं बोलणं

हे एम.ए.च्या आधी नाही तर निदान पहिल्या प्लेसमेंटच्या आधी शिकून घ्या. आत्महत्येबद्दल सरळ विचारायचं, विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही. मराठीत वाक्यं तयार ठेवा, ऐन वेळी जीभ अडखळते. मी विचारते, इतकं सगळं झाल्यावर कधी असं मनात येतं का, की जीव संपवून टाकावा? हो म्हणाले तर, कसं ते ठरवलंय का, आणि ते जवळ आहे का. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी असते, नववा प्रश्न याचाच, एकूण मार्क कमी आले तरी नवव्याला शून्य सोडून काही आलं असेल तर थांबा आणि बोला.

शहरातल्या पोरांना एक शब्द मुद्दाम सांगते. आपल्या जिल्ह्यात खेड्यात औषध म्हणजे फवारणीचं औषधसुद्धा. माझ्यासोबतच्या एका मुलीसमोर एक जण म्हणाला, मागच्या वर्षी भावाने औषध घेतलं होतं, आणि तिने विचारलं कुठल्या डॉक्टरचं. तो गप्प झाला, पुन्हा आलाच नाही. औषध घेतलं, काहीतरी करून घेतलं, नको झालंय सगळं, ही वाक्यं कानाला ओळखीची व्हायला हवीत. आणि शेतकरी घर असेल तर औषधाच्या बाटल्या कुठे ठेवता, किल्ली कोणाकडे असते, काही दिवस ती शेजारी ठेवता येईल का, हे घरच्यांशी बोलणं हाही उपचाराचाच भाग आहे, त्याने खरंच जीव वाचतात. विद्यार्थी असताना अशी केस एकट्याने धरून ठेवायची नाही, त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन, गरज असेल तर सायकियाट्रिस्टकडे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, तो पहिल्या पानावर लिहून ठेवा, क्लायंटलाही लिहून द्या.

गुपित कुठपर्यंत

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे आणि जीवाला धोका असेल तेव्हा अपवादही आहेत. हे क्लायंटला पहिल्या भेटीतच सांगायचं, तोडायची वेळ आल्यावर नाही. लहान मुलांचं लैंगिक शोषण कळलं तर पॉक्सो २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे मुलाने सांगू नको म्हटलं, शाळेने नाव खराब होईल म्हटलं, काहीही म्हटलं तरी. शाळेत काम धरताना मुख्याध्यापकांशी हे आधीच बोलून घ्या.

आणि नाशिक मोठं दिसतं पण तसं नाही. आज तुमच्या खोलीत रडलेली बाई रविवारी कॉलेज रोडला भाजी घेताना भेटते, नाहीतर तुमच्या चुलतभावाच्या साखरपुड्यात समोर येते. मी आधीच सांगून ठेवते, बाहेर दिसलो तर मी आपण होऊन ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तर मीही हसेन. नातेवाइकांची केस घ्यायची नाही. आत्या म्हणतील घरचीच आहेस ना, दोन शब्द सांग त्याला, तर प्रेमाने दुसऱ्याचं नाव द्यायचं आणि विषय बदलायचा.

एम.ए. झाल्यावर

पदवी हातात आली की लगेच स्वतःची खोली घेऊ नका. निदान दोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काम करा आणि सुपरव्हिजनला पैसे मोजायची सवय लावा, पहिल्या पगारापासून, भाड्यासारखा तो खर्च बाजूला काढा. नाशिकला न मिळालं तर पुणे-मुंबईच्या माणसाशी व्हिडिओवर होतं. स्वतःही क्लायंट म्हणून कोणाकडे तरी जाऊन बसा, खुर्चीच्या त्या बाजूने पन्नास मिनिटं किती लांब असतात आणि पहिलं वाक्य काढायला काय लागतं ते कळतं. शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट, संशोधन आवडलं तर पीएच.डी.

परदेशाचं विचारतात म्हणून थोडक्यात. अमेरिकेत दोन वेगळ्या वाटा आहेत आणि पोरं त्यात गोंधळतात. काउन्सेलिंगचं मास्टर्स, वर सांगितलं ते, साधारण साठ क्रेडिटचं, पुढे त्या त्या राज्याचं लायसन्स. आणि काउन्सेलिंग सायकॉलॉजीतली डॉक्टरेट, तिला एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे का ते बघायचं, पाच-सहा वर्षं लागतात, त्यात एक वर्ष पूर्ण वेळ इंटर्नशिप. मास्टर्सचा खर्च बहुतेक आपल्यालाच करावा लागतो, पीएच.डी.ला बऱ्याच ठिकाणी फी माफ आणि वर थोडा पगार मिळतो पण जागा अगदी मोजक्या. दोन्हीकडे तुम्ही आधी किती तास, कोणासोबत काम केलं हे विचारतात.

म्हणून तासांची वही आजच करा, प्रवेश व्हायची वाट बघू नका. साधी फुलस्केप चालेल, मोबाइलमध्ये नको, फोन बदलला की जाते. सहा रकाने आखा, तारीख, जागा, किती वेळ, काय केलं, सुपरव्हायझरने काय सांगितलं, सही. क्लायंटचं नाव कुठेही लिहायचं नाही, फक्त क्रमांक. सही त्याच आठवड्यात घ्यायची, कारण वर्षभराने त्या मॅडमची बदली झालेली असते आणि मग शंभर तास तोंडी उरतात. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तिघांच्या गटाचे वीस-वीस मिनिटांचे तासच आहेत, तुमचीही तिथूनच सुरू होऊ दे.